हिरव्या रोगनाची बैठक

तीर्थपुरीचे भुजंगराव पाटील कापसाची गाडी घेऊन नव्या जालन्याला गेले आणि येताना एका भिंतीचं वेड घेऊन आले.

झालं असं, की अडत्यानं त्यांना आपल्या नव्या बैठकीत बसवलं. बैठकीच्या भिंतींना तेलाचा रंग दिलेला होता. लोक त्याला रोगन म्हणत. हात फिरवला तर हाताला काही लागत नव्हतं, आणि चमक अशी की समोरच्या भिंतीत भुजंगरावांना स्वतःचा पटका दिसला. तो जरा डावीकडं कलला होता. त्यांनी भिंतीत बघत बघतच तो नीट केला. अडत्या कापसाविषयी काहीतरी सांगत होता. भुजंगराव हूं हूं करत राहिले, पण कानात काही शिरलं नाही.

निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. तीर्थपुरीत तेव्हा भिंती दोनच तऱ्हेच्या असायच्या, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या नाहीतर दसऱ्याला चुन्यानं पोतारलेल्या. टेकून बसलं की पाठीवर भिंत उठायची आणि माणूस कुणाकडं बसून आला ते त्याच्या पाठीवरून गावाला कळायचं. भुजंगरावांना त्याचं आजवर काही वाटलं नव्हतं. आता मात्र वाटायला लागलं.

त्याला आणखी एक कारण होतं. दर साली होळीच्या आगंमागं अंबडहून गिरदावरसाहेब यायचे. गिरदावर म्हणजे महसुलाचा अंमलदार; तहसीलदाराच्या हाताखालचा, पण गावाच्या डोक्यावरचा. त्यांचा मुक्काम पडायचा भुजंगरावांचा चुलतभाऊ धर्मराज याच्या ओसरीवर. पाटीलकी भुजंगरावांकडं आणि साहेबाचा मुक्काम धर्मराजकडं, हे भुजंगरावांना घशात अडकलेल्या कुसळासारखं टोचायचं. साहेबांना विचारलं तर ते म्हणत, धर्मराजच्या ओसरीला वारा फार चांगला. वाऱ्याला काही तोड नव्हती. पण रोगनाची भिंत त्याला तोड ठरेल, असं भुजंगरावांना वाटलं.

संक्रांत झाली आणि जालन्याहून फकरोद्दीन मिस्त्री आला. टांगे आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. गडी मोठा हसतमुख होता. गाडीतून त्यानं सफेद्याचे डबे, जवसाचं तेल, तारपिनच्या बाटल्या आणि हिरव्या रंगाची पूड उतरवली, खोलीत एक चक्कर मारली आणि वर बघून मान हलवली. धाब्याच्या छताला उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी जे भोक ठेवतात, ज्याला साणं म्हणतात, ते त्याच्या डोळ्यांत खुपलं. त्यातून माती गळते, ओल्या रंगावर पडली की बसलीच म्हणून समजा, असं त्याचं म्हणणं पडलं. भुजंगरावांनी गडी वर चढवून साणं फरशीनं आणि चिखलानं बुजवून टाकलं. गुरांच्या वाटेकडची खिडकी होती, तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

“रंग गीला है तब लग हवा नक्को, पाटीलसाब,” फकरोद्दीन म्हणाला. “एक माशी बैठी तो बी दाग.”

हे त्यानं रंग ओला असेपर्यंतचं सांगितलं होतं. भुजंगरावांनी ते जन्माचं म्हणून मनात ठेवलं.

पहिला हात बसला आणि घरभर असा वास सुटला, की दावणीची म्हैस तोंड फिरवून उभी राहिली. द्वारकाबाईंनी, म्हणजे पाटलीणबाईंनी, पदर नाकाला लावला आणि हा वास किती दिवस राहणार म्हणून मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीनं दोन-तीनदा हवा हुंगून बघितली आणि कसला वास म्हणून उलट विचारलं. बोलता बोलता कळलं ते असं, की वीस वर्षं हाच धंदा करून त्याचं नाक केव्हाच गेलं होतं. गुलाब असो की घाणेरी, त्याला सगळं सारखंच. त्याची बायको म्हणे दूध नासलंय का ते पोरींना विचारायला सांगायची. काम संपलं की तो गुळाचा खडा तोंडात टाकून रंगाच्या डब्यांशेजारी आडवा व्हायचा आणि निवांत घोरायचा. अशा माणसाकडून वासाविषयी काय कळणार? पण भुजंगरावांना त्याचं ते निवांत घोरणं म्हणजे पुरावाच वाटला. मिस्त्री झोपतो, त्याला काही होत नाही, मग आपल्याला काय होतंय?

थंडीमुळं रंग लवकर वाळेना. एक हात चिकट राहिला म्हणून दुसरा दिला, दुसरा फिका दिसला म्हणून तिसरा. शेवटी मिस्त्री गेला आणि बैठक अशी झाली, की उंबऱ्यात उभं राहिलं तर हिरव्या तळ्यात डोकावल्यासारखं वाटावं. सारा गाव बघायला आला. बायका दारातून बघून गेल्या. म्हाताऱ्यांनी आत येऊन पाय घासून पुसले, पण भिंतीला टेकायची कुणाला परवानगी नव्हती. टेकायचं नाही म्हणून लोक मधोमध पाठीला पाठ लावून बसले. भुजंगरावांना ते दृश्य फार आवडलं.

धर्मराजही आला. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन त्यानं स्वतःचं तोंड बघितलं, मिशीवर हात फिरवला, चांगलं झालं म्हणाला आणि लगबगीनं निघून गेला. तो जळला, असं भुजंगरावांनी त्या दिवशी जेवताना द्वारकाबाईंना सांगितलं.

दोन्ही लेकी सासरी गेलेल्या, घरात नवरा-बायको दोघंच. भुजंगरावांनी आपला पलंग बैठकीत हलवला आणि द्वारकाबाईंचं अंथरूणही तिथंच टाकायला लावलं. एवढी खोली केली ती काय उंदरांसाठी, असा त्यांचा सवाल होता. खळ्यावरची धूळ येईल म्हणून दार बंद, खिडकी बंद, वरचं साणं तर बुजलेलंच. त्या हिरव्या डबीत दोघं झोपू लागली.

आणि भुजंगरावांचं डोकं दुखायला लागलं.

साधं दुखणं नव्हतं. सकाळी उठलं की कपाळावर कुणी पाटा ठेवून वर वरवंटा फिरवतंय असं वाटायचं. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, भाकरीला चव नाही. कुणी राम राम केला तरी भुजंगराव खेकसायचे. पाटलांना पाटीलकी चढली, असं पारावर लोक म्हणू लागले.

वैद्यकी करणारे रखमाजी आले. बंद खोलीत बसून त्यांनी बराच वेळ नाडी धरली, आणि भुजंगरावांचं पित्त भडकलंय असं सांगता सांगता स्वतःचंच कपाळ चोळायला लागले. सुंठ उगाळून लेप लावायला सांगितला आणि त्यातला थोडा जाताना स्वतःच्या कपाळालाही लावून गेले.

लेपानं काही झालं नाही. मग शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या की एवढी बैठक, सारा गाव बघून गेला, दृष्ट लागली नसती तरच नवल. त्यांनी मीठ-मिरच्या-मोहऱ्या ओवाळल्या, बैठकीचं दार लावून घेतलं आणि शेगडीत टाकल्या. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट कडक, ठसका लागला तर नाही, हे सगळ्यांना माहीत. पण इथं पंचाईत झाली. भुजंगरावांना, द्वारकाबाईंना आणि आता सगुणाबाईंनाही खोकला आधीपासूनच चालू होता. त्यात मिरचीचा कोणता आणि जुना कोणता, ते ठरेना. सगळे डोळे पुसत बाहेर आले. सगुणाबाईंनी अंगणात दम खाल्ला आणि निकाल दिला, की अशी दृष्ट त्यांनी जन्मात पाहिली नाही.

मध्येच भुजंगरावांना एका कज्ज्याच्या साक्षीसाठी अंबडला जावं लागलं. धर्मशाळेत उघड्यावर घोंगडी पसरून झोपले, तर सकाळी डोकं असं मोकळं, की त्यांनी उगाच दोन-चार वेळा हलवून बघितलं. भूक लागली. कचेरीतल्या चपराश्यालाही ते हसून बोलले. परत आले, बैठकीत झोपले, आणि सकाळी वरवंटा पुन्हा हजर.

हे त्यांनी पारावर सांगितलं. सांगायला नको होतं. धर्मराज तिथं बसलेला होता. तो सुपारी कातरता कातरता शांतपणे म्हणाला, “दादा, गावात डोकं दुखतंय, परगावी गेलं की थांबतंय. तिथं काय नव्हतं? भाकर व्हती, पाणी व्हतं, झोपायला जागा व्हती. फकस्त वहिनी नव्हती.”

पार हसला. भुजंगरावही हसले, कारण न हसून चालणार नव्हतं. पण घरी येता येता ते त्यावर विचार करू लागले. आणि डोकं दुखत असताना माणसानं विचार करू नये हेच खरं, कारण त्यांना त्यात तथ्य दिसायला लागलं. अंबडला गेलो, बरा झालो. आलो, बिघडलो. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी द्वारकाबाईंकडं असं बघितलं, जसं सावकार खोट्या रुपयाकडं बघतो.

पारावरची गोष्ट विहिरीवर जायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पाणी भरून आलेल्या द्वारकाबाईंनी हंडा खाली ठेवला आणि विचारलं, “माझ्यामुळं तुमचं डोकं दुखून राह्यलंय, असं म्हनता म्हनं तुमी?”

मी नाही म्हणालो, धर्मराज म्हणाला, असं भुजंगरावांनी सांगितलं.

“मंग तुमी काय म्हनले?”

भुजंगराव हसले होते. तेवढंच त्यांनी केलं होतं. पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. द्वारकाबाईंनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो बरोबर घेतला. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. शहागडला भाऊ पुंजाराम राहायचा, त्याला निरोप धाडला. त्याची गाडी आली तेव्हा दळण-कांडण, लोणच्याची बरणी, म्हशीचं कुठलं दूध कुठं, सगळं शेजारणीला नीट समजावून दिलं आणि जाऊन गाडीत बसल्या. गाडी निघताना भुजंगराव दारात उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण डोकं एवढं ठणकत होतं, की काय म्हणायचं ते गाडी नजरेआड झाली तरी सुचलं नाही.

आता बायको घरात नव्हती. डोकं थांबायला हवं होतं. उलट ते वाढलं. कारण आता सकाळी कुणी पाणी तापवून देत नव्हतं, लेप उगाळून देत नव्हतं, आणि दार उघडं टाकायलाही कुणी नव्हतं. द्वारकाबाई पहाटे सड्याला उठायच्या तेव्हा निदान घटकाभर दार उघडं राहायचं, तेही बंद झालं. भुजंगराव उन्हं वर येईपर्यंत आतच पडून राहायचे. बायको निर्दोष ठरली, हे त्यांना पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं. ते कबूल करायला शहागडला जावं लागलं असतं, आणि तेवढं डोकं अजून दुखत नव्हतं.

अशात निरोप आला, की गिरदावरसाहेब येताहेत. भुजंगराव अंगातलं सगळं दुखणं झटकून उभे राहिले. जालन्याहून फकरोद्दीनला पुन्हा बोलावलं आणि भिंतींवर शेवटचा चकाकीचा हात द्यायला सांगितला. मिस्त्री आला, त्यानं हात दिला, वास घेतला, त्याला आला नाही, आणि तो समाधानानं गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला तो आणखी दोन दिवस कशासाठी राहिला, हे विचारायचं भुजंगरावांना सुचलं नाही.

साहेब आले ते दुपारी. उन्हातून आले होते, त्यामुळं हिरव्या बैठकीत पाऊल टाकताच त्यांच्या तोंडून वाहवा निघाली. खुर्ची मांडलेली, गालिचा अंथरलेला. त्यांनी भिंतीत बघून आपली तुर्की टोपी सारखी केली. भुजंगरावांना तो क्षण अडत्याच्या बैठकीत जसा आला होता तसाच परत आल्यासारखा वाटला, आणि इतके दिवस सोसलेलं सगळं वसूल झालं. धुळीनं भिंत खराब होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या हातानं दार लावून घेतलं.

चहा झाला. साहेबांसोबत आलेल्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, दप्तर सोडलं. बांधाच्या तक्रारीचे दोन शेतकरी येऊन बसले. पहिली तक्रार अर्धी ऐकून होते न होते तोच साहेबांनी कपाळाला हात लावला. पेशकाराला एक आकडा दोनदा दिसायला लागला. तक्रारदारांपैकी एकजण म्हणाला की बांध त्याचाच आहे, पण आत्ता त्याला बाहेर जाऊ द्यावं. साहेब उठायला गेले आणि खुर्चीचा हात धरून परत बसले. त्यांचा चेहरा भिंतीच्या रंगावर गेला होता.

“पाटील,” ते हळू आवाजात म्हणाले, “चहात काय घातलं?”

अंमलदाराला धोतरा घातल्याचा आळ म्हणजे पाटीलकी तर गेलीच, वर औरंगाबादचा तुरुंग. भुजंगरावांनी तुळजाभवानीची शपथ घेतली. मग शपथेवर भागणार नाही असं वाटून किटलीत उरलेला सगळा चहा साहेबांच्या देखत स्वतः पिऊन टाकला. थंड होता, साय जमलेली होती, तरी प्याला. साहेब त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले, हा कधी पडतो म्हणून. भुजंगराव पडले नाहीत, पण डोकं धरून त्यांच्या शेजारी बसले, आणि त्यामुळं संशय फिटण्याऐवजी पक्काच झाला.

चपराश्यांनी साहेबांना धरून अंगणातल्या लिंबाखाली आणलं. पाणी मारलं. लिंबाखाली वारा होता. थोड्या वेळात साहेबांच्या तोंडावर माणसाचा रंग आला. पेशकारालाही आकडे एकेक दिसू लागले. सगळ्यांनाच बरं वाटायला लागलं, चहा सगळ्यात जास्त प्यालेल्या भुजंगरावांना सगळ्यात जास्त. साहेबांनी त्यावर बराच विचार केला. मग पेशकाराला आत राहिलेलं दप्तर आणायला पाठवलं आणि आवरून सावकाश आण म्हणाले. पेशकार आत गेला तो ठीक होता, बाहेर आला तो दप्तर एका हातात आणि कपाळ दुसऱ्या हातात धरून.

साहेब म्हणाले, “पाटील, तुमचा चहा चांगला आहे. तुमची भिंत चढते.”

भुजंगराव लिंबाच्या पारावर मट्टकन बसले. इतक्या दिवसांचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. अंबडची धर्मशाळा, सगुणाबाईंचा खोकला, स्वतःच्या कपाळाला लेप लावून गेलेले रखमाजी, आणि शहागडच्या वाटेला लागलेली ती गाडी. इतकं सरळ होतं, आणि त्यांनी ते सोडून बाकी सगळ्यांना धरलं होतं.

साहेब मात्र आता थांबायला तयार नव्हते. बिस्तरा उचला, धर्मराजच्या ओसरीवर चला, तिथं वारा चांगला असतो, असा त्यांनी हुकूम सोडला. जखमेवर एवढं मीठ पुरेसं होतं. भुजंगराव मान खाली घालून मागोमाग गेले, कारण पाटलाला जावंच लागतं.

धर्मराज दारातच उभा होता. साहेबांना बघून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो गोंधळलेला दिसला. त्याच्यामागं ओसरी नव्हती. जिथं ओसरी होती तिथं आता फळ्या ठोकून बंद केलेली एक खोली होती, आणि तिच्या दारातून आतल्या भिंती चमकत होत्या. रंग तांबडा होता. डाळिंबासारखा. धर्मराजनं हात जोडून आत चलण्याची विनंती केली. ओसरीचं वारं असलं तरी बैठकीची सर तिला नाही, म्हणून खास साहेबांसाठी, असं तो सांगू लागला. आतून जो वास आला, तो साहेबांनी ओळखला. ते तिथूनच मागं फिरले आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली तंबू मारायला सांगितला.

तंबूच्या खुंट्या ठोकल्या जात असताना दोघं चुलतभाऊ चिंचेपासून जरा लांब उभे होते.

“तुझं कधीपासून दुखून राह्यलंय?” भुजंगरावांनी शेवटी विचारलं.

“परवापासून,” धर्मराज म्हणाला. “लई दुखतंय, दादा.”

भुजंगरावांना राग यायला हवा होता. तो थोडासा आलाही. पण धर्मराजचे डोळे सशासारखे लाल झाले होते आणि नाक गळत होतं. त्याला बघून भुजंगरावांना आधी हसू आलं, आणि ते हसू निवळलं तेव्हा लाज वाटली. पारावर आपण हसलो होतो, ते हसणंही त्यांना आठवलं.

त्याच दिवशी त्यांनी गडी वर चढवला आणि साणं फोडून घेतलं. खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या. दाराचं एक फळकूट काढून भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे कुणी लावायचं म्हटलं तरी लागू नये. धूळ बसली तर बसू द्या म्हणाले. सकाळी त्यांनी गाडी जुंपायला सांगितली आणि शहागडचा रस्ता धरला.

गाडीत बसून त्यांनी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. आधी भिंतीविषयी सांगायचं, मग गिरदावरसाहेबांविषयी, मग धर्मराजचं. धर्मराजचं ऐकून ती हसेल, आणि हसली की काम झालं. गोदावरीचं पात्र दिसायला लागलं तोवर हे सगळं पाठ झालं होतं.

पुंजारामच्या अंगणात द्वारकाबाई बाजेवर कुरडया घालत होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी पदर सावरला, पण हात थांबवला नाही. पुंजारामनं दाजींना पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि बैलं बघून येतो म्हणून शहाणपणानं निघून गेला.

“डोकं कसं हाये?” द्वारकाबाईंनी विचारलं.

बरं आहे, असं भुजंगरावांनी सांगितलं.

“मंग कामून आलात? मी हितं हाये म्हून बरं हाये न्हवं? बरं राहू द्या की.”

भुजंगरावांनी पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. रोगनाचं सांगितलं, गिरदावरसाहेबांचं सांगितलं, थंड चहा प्याल्याचं सांगितलं, धर्मराजच्या तांबड्या बैठकीचं तर चांगलं खुलवून सांगितलं. द्वारकाबाई ऐकत होत्या आणि साच्यातून एकसारखा चीक पाडत होत्या. हसल्या नाहीत. सांगून संपलं तरी नाही.

मग त्या म्हणाल्या, “माजं बी दुखत व्हतं.”

भुजंगरावांना आधी कळलंच नाही. कधी, म्हणून त्यांनी विचारलं.

“पैल्या दिसापासून. तुमच्याच शेजारी झोपत व्हते की मी. तुमाला लेप उगाळून देत व्हते, तवा माजं बी कपाळ फुटत व्हतं. डोळ्याला दिसना म्हून एकदा सुंठीच्या जागी हळकुंड उगाळलं, ते बी तुमाला कळलं न्हाई.”

“मंग बोलली कामून न्हाईस?”

“इचारलं कुनी?”

हे भुजंगरावांच्या पाठांतरात नव्हतं. पुंजारामच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडं ते बघत राहिले. रखमाजी आले, त्यांनी एकच नाडी धरली. सगुणाबाई आल्या, त्यांनी एकालाच ओवाळलं. आपणही दोन महिने एकच कपाळ घेऊन गावभर फिरलो, आणि शेजारच्या अंथरुणात दुसरं कपाळ आहे हे ध्यानातच आलं नाही. वर त्याच कपाळावर आळ घातला.

“चुकलं माजं,” ते म्हणाले. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण गोठ्यातून पुंजारामनं डोकावून बघितलं आणि पुन्हा मान आत घेतली. भुजंगरावांनी तो बघतोय हे पाहूनही पुन्हा एकदा म्हटलं, “भिंतीचं ऱ्हाऊ दे. पारावर मी हासलो, ते चुकलं.”

द्वारकाबाईंनी साचा खाली ठेवला. चिकाचे हात पुसले. कुरडया वाळेपर्यंत निघता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या बैठकीत आपण पुन्हा पाय ठेवणार नाही, निजायचं ते अंगणात, हेही सांगितलं. भुजंगरावांनी दोन्ही कबूल केलं. कुरडया वाळेपर्यंत ते तिथंच राहिले, पुंजारामच्या म्हशी नदीवर नेल्या, आणि कुरडयांवरचे कावळे हाकलले.

परतीच्या वाटेवर ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी थोडी पुढं गेली की भुजंगराव मागं वळून विचारायचे, डोकं दुखत तर नाही ना. द्वारकाबाई नाही म्हणायच्या. ओढा ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. बाभळीच्या सावलीत गाडी उभी करून, पाणी पाजून, उपरण्यानं वारा घालून पुन्हा विचारलं. गाडीवानानं तोंड फिरवून मिशीत हसू दाबलं. तीर्थपुरीची शीव दिसायला लागली तेव्हा भुजंगरावांना वाटलं, ती जरा गप्प गप्प आहे, म्हणून त्यांनी काळजीनं पुन्हा मान वळवली आणि तोंड उघडलं.

“आता दुखून राह्यलंय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुमच्या इचारन्यानं.”